दारची गाडी आणि माहेरची वाट

“पण उद्या अचानक अकोल्याला जावं लागलं तर?”

हा प्रश्न आमच्या घरात निदान पन्नास वेळा तरी विचारला गेला असेल. ह्यांनी विचारला, धाकट्या दिरांनी विचारला, शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारला. आणि खरे सांगायचे तर रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर सर्वांत जास्त वेळा मीच तो स्वतःला विचारला. निमित्त अगदी साधे होते. माझी बारा वर्षांची पेट्रोलची स्कूटर रोज सकाळी खोकू लागली होती. “मॅडम, आता हिच्यावर पैसा घालू नका,” असे मिस्त्रीने निर्वाणीचे सांगून टाकले होते. नवी घ्यायची ती पेट्रोलची घ्यावी की विजेची, एवढाच काय तो प्रश्न. परंतु मध्यमवर्गीयांच्या घरात ‘एवढाच काय तो’ असा प्रश्न कधी असतो का?

मी मराठी शिकवणारी बाई. यंत्रातले मला काही कळते असा माझा दावा नाही. तथापि ज्या वादाने आमच्या घरातली दोन-तीन महिन्यांची जेवणे निवत गेली, तोच वाद आज वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी चालू असेल, अशी माझी खात्री आहे. म्हणून दुकानांतून, शेजारपाजारातून आणि अखेरीस स्वतःच्या अनुभवातून जे हाती आले, ते येथे मांडते.

रोजची वाट

आम्ही अमरावतीला साईनगरात राहतो. माझे कॉलेज कॅम्पच्या बाजूला. सकाळी निघावे, राजापेठेवरून, राजकमल चौकातली गर्दी चुकवीत, इर्विन चौकाच्या सिग्नलला उभे राहून कॉलेज गाठावे. येताना लेकीला शिकवणीवरून घ्यावे, भाजी घ्यावी, मंगळवार-शुक्रवार असला तर अंबादेवीला हात जोडावे आणि घरी यावे. एक दिवस मुद्दाम काटा पाहिला. सगळे मिळून चौदा किलोमीटर भरले! मला वाटे, मी रोज मैलोगणती हिंडते. प्रत्यक्षात बारा वर्षे मी त्याच चौदा किलोमीटरांच्या दोऱ्यावर येरझारा घालीत होते.

मात्र माहेर अकोल्याला. जठारपेठेत आई एकटी राहते. तिला चौऱ्याहत्तरावे लागले आहे. अमरावती ते अकोला सुमारे शंभर किलोमीटर, मध्ये मूर्तिजापूर. हा रस्ता पूर्वी हाडे खिळखिळी करी. पण २०२२ च्या जूनमध्ये ह्याच महामार्गावर ७५ किलोमीटरचा सलग डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची नोंद गिनेसच्या पुस्तकात झाली. असा रस्ता झाल्यावर माहेर जवळ आल्यासारखे वाटणारच. विजेची गाडी एका चार्जिंगमध्ये तेथवर नेणार नाही आणि पेट्रोलची नेईल, म्हणून पेट्रोलचीच घ्यावी, असा एकंदर घराचा कौल होता.

चेतक आणि लूना

वाहनाच्या निवडीवरून आमच्या माहेरीही एकदा महाभारत झालेले आहे. वडिलांकडे ‘चेतक’ होती. बजाज कंपनीने ही स्कूटर पुण्याजवळ आकुर्डीला १९७२ साली काढली, आणि पुढे तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. वडिलांनी नंबर लावला तेव्हा त्यांचे लग्न व्हायचे होते. गाडी घरी आली तेव्हा तिला हार घालायला कडेवर माझा थोरला भाऊ होता! सकाळी ती सुरू करायची म्हणजे एक विधीच असे. आधी गाडी एका बाजूला कलती करायची, मग सरळ करून किक मारायची. त्यातूनही तिने मान टाकलीच, तर प्लग काढून पुसायचा. पेट्रोल संपत आले की खालची कळ फिरवून ‘रिझर्व्ह’वर घ्यायची. आज आपण टक्क्यांकडे पाहून घाबरतो, तसे तेव्हा लोक त्या कळीकडे पाहून घाबरत.

त्याच १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीची ‘लूना’ निघाली. पन्नास सीसीचे इवलेसे वाहन, सायकलीसारखी पायडले असलेले. आई शिक्षिका. तिने हट्टाने लूना घेतली. त्या काळी अकोल्यात बाई गाडीवरून जाऊ लागली की टिळक रोडवरचे दुकानदार गिऱ्हाईक सोडून पाहत राहत.

आता काळाची गंमत पाहा. चेतक स्कूटरचे उत्पादन पुढे थांबले, आणि तेच नाव घेऊन २०२० च्या जानेवारीत विजेवर चालणारी चेतक बाजारात आली. लूनाही २०२४ च्या फेब्रुवारीत विजेची होऊन परतली. माझ्या आईवडिलांची दोन्ही वाहने जणू नवा जन्म घेऊन माझ्यापुढे उभी राहिली होती, आणि माझे मात्र काही केल्या ठरत नव्हते.

भांडण जुनेच आहे

विजेची गाडी म्हणजे आजकालचे खूळ, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. १९०० च्या सुमारास अमेरिकेत वाफेच्या, पेट्रोलच्या आणि विजेच्या मोटारी एकमेकींशी स्पर्धा करीत होत्या. पेट्रोलची मोटार सुरू करायला पुढचा दांडा जिवाच्या आकांताने फिरवावा लागे. तो उलटा फिरला तर हात मोडायचा. विजेची मोटार बिनआवाजाची आणि बिनधुराची. पेट्रोलची मोटार घरोघर नेणाऱ्या हेन्री फोर्डची पत्नी क्लारा स्वतः मात्र ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ ही विजेची मोटार चालवीत असे! पुढे १९१२ साली चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत बसला, दांडा फिरवण्याचा जाच संपला, आणि विजेच्या मोटारी मागे पडल्या. विजेनेच विजेचा काटा काढला, म्हणायचे.

आजही अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील पीचट्री सिटी नावाच्या गावी लोक बाजारहाटाला गोल्फच्या मैदानावरच्या चिमुकल्या गाड्या वापरतात. त्यांच्यासाठी सुमारे शंभर मैलांच्या वेगळ्या वाटा आहेत. तेथेही घरोघरी हाच वाद, की गाडी पेट्रोलची घ्यावी की विजेची?

इतक्या लांब तरी कशाला जायचे? आपल्या माथेरानला मोटारींना बंदी आहे. तेथे माणूसच माणसाला हातरिक्षात बसवून ओढीत असे. २०२२ च्या डिसेंबरात तेथे ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्यांच्या जागी ई-रिक्षा आणण्याचा आदेश दिला. तो देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख होते त्या वेळचे सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे आमच्या अमरावतीचेच सुपुत्र. घाम गाळून माणूस ओढणाऱ्याच्या दृष्टीने विजेची गाडी ही चैन नव्हे, एवढे तरी त्यावरून ध्यानात यावे.

मे महिन्यातली रात्र

हे सगळे वाचून झाले, ऐकून झाले. पण मूळचा प्रश्न होता तेथेच होता. अचानक अकोल्याला जावे लागले तर?

आणि मग मला त्या आधीच्या मे महिन्यातली एक रात्र आठवली. अकोल्याचे ऊन ज्याने सोसले त्यालाच ठाऊक. पारा पंचेचाळिसावर गेला म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. रात्री दहाच्या सुमारास आईच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. आईला ऊन लागले होते. चक्कर येऊन ती न्हाणीघराच्या दाराशी पडली होती.

माझे हातपाय गार झाले. दारात माझी पेट्रोलची स्कूटर उभी होती. आदल्याच दिवशी टाकी भरलेली. किल्ली हातात घेऊन मी पायरी उतरलेसुद्धा. ह्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “रात्री दहा वाजता, महामार्गावर, ट्रकांच्या रांगेतून शंभर किलोमीटर? तू किंवा मी, कोणीही गेलो तरी आईंच्या उशाशी बसायला शाबूत पोहोचायला नको का?”

गाडी जागची हलली नाही. अकोल्याला काकूंच्या मुलाने रिक्षा आणली, आईला दवाखान्यात नेले, सलाईन लावले. आम्ही दोघे बदनेऱ्याला गेलो, मिळाली ती गाडी पकडली आणि पहाटेच्या आत तिच्या खाटेशी पोहोचलो. आई डोळे मिटून पडली होती. मी हात हातात घेतला तसे डोळे न उघडताच म्हणाली, “कॉलेजले सुट्टी टाकली का?”

म्हणजे ज्या एका रात्रीसाठी बारा वर्षे मी पेट्रोलची गाडी बाळगली, ती रात्र आली तेव्हा ती गाडी कुंपणाशीच उभी राहिली होती. मदतीला आली ती शेजारीण, तिचा मुलगा, एक रिक्षावाला आणि आगगाडी.

आईचा निकाल

तरीही मनाची समजूत पटेना. श्रावणात अकोल्याला गेले तेव्हा आईपुढे हा विषय काढला. आईने चौतीस वर्षे शाळेत शुद्ध मराठी शिकवली आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती जी वऱ्हाडीवर आली ती आलीच. शेंगा सोलता सोलता ती म्हणाली,

“मी लूना घेतली तवा लोक काय म्हनत ठाऊक हाय तुले? म्हनत, मास्तरीनबाई, थे पन्नास सीसीचं खेयनं काय कामाचं? यवतमायले जाईन का थे? मी म्हनो, बावा, मले शायेत जायचं हाय. यवतमायले कायले जाऊ?”

“पण आई, तुझ्याकडे यायचं झालं तर?”

“त्या राती गाडी दारातच होती नं तुही? पेट्रोल होतं नं? मंग?”

ह्यावर मी काय बोलणार? वर्गात एखाद्या मुलाने पहिल्याच बाकावरून बिनतोड प्रश्न विचारावा आणि आपण खडू शोधू लागावे, तसे माझे झाले.

हिशेबाची वही

दसऱ्याच्या मुहूर्तावर विजेची स्कूटर घरी आली. आता वर्षभराचा हिशेब वहीत आहे, तो वाचकांपुढे ठेवते.

माझे महिन्याचे फिरणे साडेतीनशे ते पावणेचारशे किलोमीटर. जुन्या स्कूटरला लिटरमागे पंचेचाळीस धरले तरी आठ लिटर पेट्रोल लागे. शंभरीच्या वरचा भाव पाहता सव्वाआठशे-साडेआठशे रुपये गेलेच. नव्या गाडीची बॅटरी तीन किलोवॅट-तासांची आहे. दुकानदार सांगतो त्यातला पाव हिस्सा वजा करावा, हा कापडापासून मोटारीपर्यंत लागू पडणारा नियम येथेही लागू पडतो. गावातल्या गावात ती मला नव्वद किलोमीटर देते. एकदा पूर्ण भरायला भिंतीतून साधारण साडेतीन युनिट वीज जाते. महिन्याला चौदा युनिट. युनिटला बारा रुपये धरा, एकशे सत्तर रुपयांच्या आत काम भागते. तेलपाणी, कार्ब्युरेटर, प्लग ह्यांचा खर्च नाहीच. ब्रेक आणि टायर मात्र पूर्वीसारखेच झिजतात.

म्हणजे महिन्याला साडेसहाशे, वर्षाला आठ हजार वाचले. आम्हांला पेट्रोलच्या गाडीपेक्षा पंचवीस हजार जास्त मोजावे लागले, ते वसूल व्हायला तीन वर्षे तरी लागतील. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०२५ च्या सप्टेंबरात ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोलच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, विजेच्या गाड्यांवर तो ५ टक्के आहे. शिवाय सरकारी अनुदाने वेळोवेळी बदलत आली. तेव्हा शेजाऱ्याने दिलेल्या किमतीवर न जाता खरेदीच्या दिवशीचे दोन्ही भाव स्वतः विचारावेत. जो रोज पाच-सहा किलोमीटरच हिंडतो त्याचे पैसे वसूल व्हायला सात-आठ वर्षे लागतील, आणि तोवर बॅटरी म्हातारी झालेली असेल. उलट जो रोज तीस-चाळीस किलोमीटर गावातच फिरतो, त्याचे दीड वर्षातही वसूल होतात.

बॅटरी हीच ह्या गाडीची खरी किंमत. ती बदलायची वेळ आली तर एकदम मोठी रक्कम मोजावी लागते. तिची हमी कोणी तीन वर्षांची देतो, कोणी जादा पैसे घेऊन आठ वर्षांची. ती लेखी, किलोमीटरांच्या अटींसह वाचून घ्यावी. लग्नपत्रिका वाचतो तशी वरवर नव्हे, सातबारा वाचतो तशी!

ऊन, पाणी आणि प्लग

आपल्या वऱ्हाडात आणखी एक गोष्ट पाहायला हवी, ती म्हणजे ऊन. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. ‘लिथियम-लोह-फॉस्फेट’ जातीची बॅटरी ‘निकेल-मँगनीज-कोबाल्ट’ जातीपेक्षा उन्हाला जास्त दाद देत नाही, म्हणून दुकानात जात विचारावी; ह्या एका बाबतीत जात विचारणे पाप नाही. गाडी सावलीत लावावी. भर दुपारी तापून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये, तासभर निवू द्यावी. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात विजेच्या काही स्कूटरी पेटल्या, तेव्हा सगळ्यांच्याच पोटात गोळा आला होता. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. ते २०२२ चा डिसेंबर आणि २०२३ चा मार्च अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्याच्या आधीची जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून उचलू नये.

दुसरी गोष्ट प्लगची. आमचे घर बैठे, ओसरीत पंधरा अँपिअरचा प्लग आणि चांगले अर्थिंग करून घेतले, काम झाले. पण माझ्या एका मैत्रिणीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. खाली प्लग बसवू द्या म्हणून तिने इमारतीच्या समितीला अर्ज केला. तीन सभा झाल्या, चहा झाला, ठराव मात्र झाला नाही. तिने अखेर पेट्रोलची घेतली आणि तेच योग्य केले. ज्याला हक्काचा प्लग नाही, ज्याचे बिऱ्हाड भाड्याचे आहे, ज्याला धंद्यानिमित्त रोज गावोगाव हिंडावे लागते, त्याने विजेच्या गाडीच्या मोहात पडू नये. बॅटरी काढून घरात नेता येते अशी गाडी हा मधला मार्ग आहे. फक्त ते ओझे उचलून तीन जिने चढवणारे मनगट हवे.

ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या आणि २५० वॉटपर्यंतच्या मोटारीच्या गाडीला परवाना लागत नाही, म्हणून शाळकरी मुलांना ती घेऊन देतात. वेग वाढवून दिलेली गाडी मात्र ह्या सवलतीत बसत नाही. आईबापांनी आधी ती स्वतः चालवून पाहावी.

माझी स्वतःची फजितीही सांगून टाकते. एका रात्री उत्तरपत्रिका तपासण्याच्या नादात गाडी चार्जिंगला लावायची विसरले. सकाळी काटा ९ टक्क्यांवर. पर्यवेक्षणाची वेळ साडेसातची! पेट्रोलची गाडी असती तर पंपावर दोन मिनिटांचे काम होते. येथे मुकाट्याने ऑटो करावी लागली. तेव्हापासून दूध विरजण लावले की गाडी चार्जिंगला लावायची, असा घरचा नेम झाला आहे. मराठीची मी एवढी प्राध्यापिका, पण ‘चार्जिंगला लावणे’ ह्याला विरजणाशी जुळेल असा शब्द मला अजून सापडलेला नाही.

गायगाव आणि पारस

विजेची गाडी घेतली म्हणजे आपण पुण्यवान झालो, असा एक भाव मनात शिरू पाहत होता. तो आईबरोबर शेगावला जाताना गळाला. अकोल्याहून शेगावकडे निघालेली गाडी आधी गायगावला लागते. तेथे तेल कंपन्यांच्या पांढऱ्या टाक्या दिसतात. मग येते पारस. तेथे २५०-२५० मेगावॅटच्या दोन संचांचे औष्णिक वीजकेंद्र आहे, आणि ते कोळशावर चालते. एक स्टेशन पेट्रोलचे, पुढचे विजेचे. दोन्ही एकाच बाळापूर तालुक्यातली! माझ्या गाडीचा धूर राजकमल चौकातल्या पोरांच्या नाकात जात नाही हे खरे. पण कोठल्यातरी धुराड्यातून तो निघतोच. विजेची मोटार त्याच उर्जेत पेट्रोलच्या एंजिनापेक्षा बरीच जास्त वाट चालते आणि छपरावर सौर पॅनेल असले तर धुराचा प्रश्न आणखी कमी होतो, एवढे श्रेय तिला अवश्य द्यावे. त्याहून अधिक मिरवू नये.

आईने खिडकीतून चिमण्यांकडे पाहिले आणि डब्यातला धपाटा माझ्या हातावर ठेवला. तिला त्या दिवशी दर्शनाची घाई होती.

राहता राहिला तो पहिला प्रश्न. महिन्याला वाचणारे साडेसहाशे रुपये मी घरखर्चात मिसळू दिले नाहीत. ते एका वेगळ्या डब्यात टाकते. २०२३ च्या मार्चपासून एस. टी. त बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे त्या पैशांत महिन्यातून दोनदा अकोल्याला आरामात जाऊन येता येते आणि आईसाठी थोडी फळेही येतात. भरल्या टाकीची पेट्रोलची गाडी दारात होती तेव्हा माझे माहेरी जाणे दोन-तीन महिन्यांतून एकदा होई. केव्हाही निघता येईल, म्हणून निघणेच होत नसे. शेजारच्या काकूंच्या मुलाचा फोननंबर आता आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे, आणि ओळखीच्या एका टॅक्सीवाल्याचाही.

गेल्या खेपेस आईने विचारले, “गाडी कशी हाय तुही?”

म्हटले, “झकास आहे. फक्त अकोल्याला येत नाही.”

“थे नाई येत तं नाई येवो,” आई म्हणाली, “तू तं येतं नं!”

आणि करंजीच्या सारणाचे ताट तिने माझ्यापुढे सरकवले.